कॉमर्सची पोर आणि वेल्ह्याचे झरे

माझी मुलगी भोरच्या कॉलेजात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ती कॉमर्सला आहे हे आधीच सांगून ठेवतो, कारण गेल्या वर्षभरात ते मलाच अधूनमधून स्वतःला सांगावं लागलं आहे.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापार करतो. वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांवरून जनावरं उचलायची आणि भोरच्या बाजारात विकायची, नाहीतर कापूरहोळच्या ढाब्यांना द्यायची. एका लंगड्या शेळीपासून सुरुवात केली होती. आज दारात पिकअप आहे, मागे पत्र्याची शेड आहे, आणि यातलं काहीही मला कोणी दिलेलं नाही. हे मी पुन्हा पुन्हा बोलतो म्हणून बायको वैतागते, पण खरं आहे ते आहे.

कॉमर्स ही शाखा तिच्यासाठी मी निवडली. खरं म्हणजे मी ती आधी स्वतःसाठी निवडली होती. दहावी झाल्यावर मी शिवऱ्याहून चालत निघालो, अर्ध्या वाटेत टेम्पो मिळाला, आणि भोरच्या याच कॉलेजच्या ॲडमिशनच्या खिडकीशी उभा राहिलो. मला हिशेब तोंडी यायचे, गणितात चांगले मार्क होते. खिडकीतला कारकून मान वर न करता म्हणाला, "कॉमर्स भरलं. आर्ट्सला बस." मी विचारलं, नंतर बदलून मिळेल का? तो म्हणाला, "शाखा बदलता येत नाही." पुढे वर्ग सुरू झाल्यावर माझ्यापेक्षा कमी मार्कांचा एक जण कॉमर्सच्या बाकावर बसलेला दिसला. त्याच्याबरोबर त्याचा मामा आला होता. माझ्याबरोबर कोणी नव्हतं. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेलो तो पुन्हा कॉलेजात गेलो नाही. तो कारकून आता म्हातारा झालाय, बाजारात दिसतो. मी त्याला नमस्कार करत नाही. त्याला बोकड पाहिजे असला तर दुसऱ्याकडे पाठवतो.

तर एक दिवस दुपारी मी शेडमध्ये शेळ्यांना पाला टाकत होतो आणि मुलगी कॉलेजातून आली ती पाठीवरची सॅक न काढता सरळ शेडमध्येच आली.

"पप्पा, मला कॉमर्सच्या भाईरचा एक विषय घ्यायचाय."

"भाईरचा म्हंजे?"

"नवीन नियमच हाय. समद्यांनाच घ्यावा लागतो. सायन्सवाल्यांनी आर्ट्सचा, आर्ट्सवाल्यांनी कॉमर्सचा, तसं."

"कुनी काढला ह्यो नियम?"

"वरनं आलाय. कॉलेजनी सांगितलं."

"कंच्या कॉलेजनी? ह्याच?"

दारात उभी राहून बायको तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "झालं. आता त्यो कारकून निघनार."

निघालाच. ज्या खिडकीनं मला शाखा बदलता येत नाही म्हणून सांगितलं, तीच खिडकी आता पोरांना हाताला धरून दुसऱ्या शाखेत ढकलत होती. मला राग आला, पण कुणाचा ते नीट कळेना. मुलीचा तर नक्कीच नाही. ती बिचारी सॅक घेऊन उभी होती.

पुढे ती म्हणाली की कॉलेजात घेण्यासारखे विषय होते, मराठी होतं, योगा होता. पण तिला त्यातलं काही नको होतं. पुण्याच्या एका कॉलेजनं भूशास्त्राचा एक अभ्यासक्रम काढला होता. कुठल्याही कॉलेजच्या, कुठल्याही शाखेच्या पोरांनी त्यात यायचं. शनिवार-रविवारी शिकवायचे आणि मधूनमधून वेल्ह्याच्या वरच्या वाड्यांवर मुक्कामाला न्यायचे. तिथले झरे शोधायचे, मोजायचे, ते का आटतात ते बघायचं. त्याचे गुण आपल्या बी.कॉम.च्या निकालात धरणार होते.

"का आटतात?" मी म्हणालो. "उन्हाळा असतो म्हनून आटतात. झाला अभ्यास."

ती हसली. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा लागला नाही.

त्यानंतरचे बरेच दिवस जेवताना, चहा घेताना, पिकअप धुताना मी त्या अभ्यासक्रमाला नावं ठेवत होतो. डोंगरातला दगड काय शिकायचा, तो काय पळून चाललाय का. पुण्याची माणसं आपल्याला वेल्हे दाखवणार, म्हणजे आपल्याच अंगणात आपल्यालाच वाट दाखवल्यासारखं. शनिवारी-रविवारी शिकवतात म्हणजे मास्तरला बाकीचे दिवस कोणी विचारत नसणार. कॉमर्सच्या पोरीला झऱ्याचा काय उपयोग, ताळेबंदात पाणी कुठल्या बाजूला लिहितात. मी बोलत होतो आणि मुलीचा चेहरा दिवसेंदिवस फुलत होता. ती मुकाट ऐकायची, मधेच हसायची आणि माझ्या ताटात जास्तीची भाकरी वाढायची. मला वाटलं, पोरगी समंजस आहे, बापाचं पटतंय तिला.

इथं आमच्या धंद्याची एक रीत सांगायला हवी. जे जनावर घ्यायचं असतं त्याची कधी तारीफ करायची नाही. वाडीवर गेलो आणि एखादी शेळी मनात भरली, तर मी आधी दुसऱ्याच शेळीकडे बघतो. मग सहज वळल्यासारखं करून हिच्याकडे येतो आणि नावं ठेवायला लागतो. कान फाटका आहे, मागचा पुठ्ठा बसलाय, खोकते का हो ही, दात बघू. मालकालाही ते कळतं. जो शेळीच्या पाठीवरून हात फिरवून वा वा म्हणतो तो चहा पिऊन निघून जातो. जो नावं ठेवतो तेच खरं गिऱ्हाईक. त्याच्यापुढं मालक घोंगडं अंथरतो. ही रीत मी बाजारात शिकलो आणि नकळत घरात आणली. बायको सांगते, तिला बघायला गेलो तेव्हा मी चहा पांचट आहे म्हणालो, घर रस्त्यापासून लांब आहे म्हणालो, आणि मुलगी जरा उंचच आहे म्हणालो. आम्ही उठून गेल्यावर तिचे वडील म्हणाले, जमलं, मंडप सांगा.

पुण्याचे लोक मुलाखती घ्यायला भोरच्या कॉलेजात आले. मुलगी म्हणाली, चला बरोबर. मी गेलो. नको कशाला म्हणायचं, माझ्या वेळी कोणी बरोबर नव्हतं हे डोक्यात होतंच. मी व्हरांड्यात खिडकीशेजारी बसलो. आत एक मॅडम होत्या आणि त्यांच्याबरोबर दोन सर. मॅडमचा आवाज मऊ होता. त्यांनी विचारलं, "आमच्या अभ्यासक्रमाबद्दल तू काही वाचलंस का?"

मुलगी म्हणाली, "वाचलं. वेळ गैरसोयीची आहे. वेल्ह्याला एसटी धड नाही, जाऊन-येऊन दिवस मोडतो. मागच्या वर्षीचा झऱ्यांचा नकाशा पाहिला, तो फिका आहे, नावं वाचता येत नाहीत. आणि मुक्कामाची सोय काय आहे ते कुठंच लिहिलेलं नाही."

"बरं," मॅडम म्हणाल्या. "आणि काय वाटलं?"

"विषयाचं नाव फार लांब आहे. लोकांना सांगताना दम लागतो."

"मग तुला यायचं आहे का?"

"बघू. तुम्ही काय म्हणता त्यावर आहे."

खिडकीबाहेर माझी छाती फुगली. कुठं न अडखळता, आवाज न चढवता, एकेक खोड काढत गेली. मी इतकी वर्षं बाजारात घालवून जे शिकलो ते हिनं घरात बसून उचललं होतं. मग लगेच दुसरा विचार आला. तिनं त्या कोर्सला जाऊ नये असं मला वाटत असेल तर ती असा फक्कड सौदा करते म्हणून मला आनंद का व्हावा? तो विचार मी तिथंच सोडला. घरी जाताना तिला उसाचा रस पाजला.

काही दिवसांनी तिच्या मोबाईलवर निरोप आला. तिची निवड झालेली नव्हती.

ती ओट्यावर बसून तो निरोप पुन्हा पुन्हा वाचत होती. मी जवळ गेलो तर म्हणाली, "पप्पा, त्यास्नी कळलंच न्हाई."

"काय कळलं न्हाई?"

"मला यायचं होतं ते."

मी तिची समजूत घालायला गेलो. म्हणालो, "जाऊ दे. बरंच झालं. मला बी नकोच होतं ते."

तिनं मान वर केली. "तुमाला नको होतं?"

"मग एवढं दिस मी काय म्हनत होतो?"

"तुमी नावं ठेवत होता," ती म्हणाली. "मला वाटलं तुमाला लई पसंत हाय. मोबाईलला बी अशीच नावं ठिवून घेतला. स्कुटीला तर आठ दिस ठेवत होता. मी आईला म्हनले पन, पप्पांनी एवढी नावं ठेवलीत म्हंजे पाठवनारच."

मी बायकोकडं बघितलं. ती म्हणाली, "माझ्याकडं बघू नका. मला बी तसंच वाटलं."

मी खरंच नको म्हणून नावं ठेवत होतो. पण घरातल्या दोघींना मी ओळखतो त्यापेक्षा त्या मला जास्त ओळखतात, आणि दोघींनाही वाटलं होतं की मला ते हवं आहे. मग मला हवं होतं का? मी शेडमध्ये जाऊन बसलो आणि याच गोष्टीचा विचार करत राहिलो. जितका विचार करावा तितकं जास्त गढूळ. माझं म्हणणं साधं होतं. मला कॉमर्स मिळालं नाही, तिला मी मिळवून दिलं, तिनं ते सोडून दगडांमागं जाऊ नये. आणि ती गेलीही नव्हती. माझ्या मनासारखं झालं होतं. तरी मला पुण्याच्या त्या माणसांचा असा संताप आला होता की पाल्याची पेंढी मी शेळ्यांपुढं नुसती आदळली. माझ्या पोरीला नाही म्हणणारे हे कोण?

पुढच्या शनिवारी मी वेल्ह्याला गेलो. घरी सांगितलं की दोन बोकड बघायचेत. कापूरहोळवरून नसरापूर, तिथून वेल्हे, मग डांबर संपतं तिथं पिकअप लावली आणि पायवाटेनं वर चढलो. त्यांचा मुक्काम कुठल्या वाडीवर आहे ते मुलीच्या बोलण्यातून माहीत होतं. त्या वाडीवरचं प्रत्येक जनावर मला ओळखतं.

वाडीच्या वरच्या अंगाला कातळातून पाणी येतं तिथं पोरं गोळा झाली होती. एकीनं धारेखाली बादली धरली होती, एक जण मोबाईलमध्ये वेळ बघत होता, एक जण दगडाला हातोडीनं टिचकी मारून वास घेत होता. मॅडम टोपी घालून खडकावर बसल्या होत्या. मी सहज आल्यासारखं करून उभा राहिलो.

"ह्यो झरा काय बघताय," मी म्हणालो. "शिमग्याला आटतो ह्यो."

"हो का? दरवर्षी?" मॅडमनी विचारलं. "तुम्ही इथलेच का?"

"न्हाई, भोरचा. जनावरं न्यायला येतो." मग मी लागलो. "तुमची पोरं सपाता घालून डोंगर चढत्यात. पाय घसरला तर कोन बघनार? आन बादल्या भरून झरा कळत असता तर हितल्या बायका कवाच मास्तरनी झाल्या असत्या. आन ती टोपी. वारं सुटलं की दरीत जातीय."

एक पोरगी तोंडावर हात धरून हसली. मॅडमनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "काका, तुमची काही तक्रार आहे का?"

"तक्रार कसली. बोलतोय."

"नाही, म्हणजे आम्ही इथं आलेलं तुम्हाला आवडलेलं नाही, असं दिसतंय."

आता गाडी त्याच खड्ड्यात चालली आहे हे माझ्या लक्षात आलं. मी मुलीचं सांगितलं. भोरची, कॉमर्सची.

"हो हो, आठवते मला," मॅडम म्हणाल्या. "हुशार होती. पण तिला आमचं काहीच आवडलं नव्हतं हो. मीच म्हटलं, इच्छा नाही त्या मुलीला ओढून कशाला आणायचं."

"तिनं सौदा केला, मॅडम."

"सौदा? कसला? आम्ही तर फुकट शिकवणार होतो."

"फुकटच्या मालात तर खोडी लईच बघाव्या लागतात."

मी त्यांना ती रीत समजावायला गेलो, शेळीचे कान, दात, पुठ्ठा, सगळं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तिला यायचं होतं, असं तुम्ही म्हणताय?"

बाजारात उभं राहायला लागल्यापासून मी कुणालाही सरळ सांगितलेलं नाही की मला अमुक पाहिजे. ते सांगितलं की माणूस संपला, समोरचा भाव चढवणार. माझ्या जिभेला ते वळणच नाही. पोरं बादली धरून ऐकत होती. मी पलीकडच्या डोंगराकडं बघून म्हणालो, "तिला यायचंय."

मॅडम म्हणाल्या, "मग येऊ दे ना. दोघं जण सोडून गेलेत. जागा आहे."

एवढंच. मी पुढच्या बोलण्याची वाट बघत होतो. अट, घासाघीस, काहीतरी. काही आलंच नाही, आणि मला चुकल्यासारखं झालं. मग मीच विचारलं, "कॉमर्स सुटनार न्हाई ना तिचं?"

"नाही. डिग्री कॉमर्सचीच राहील. कॉलेजही तेच."

"मंग पोरगी तुमची का भोरच्या कॉलेजची?"

"त्यांची. आमच्याकडं फक्त शिकायला येणार."

मी जरा विचार केला. आमच्याकडं शेळी अर्धेलीनं देतात. शेळी माझी, चारणार दुसरा, तिला पिल्लं झाली की निम्मी-निम्मी. "म्हंजे अर्धेलीनं दिल्यासारखं," मी म्हणालो.

"तसं म्हणा हवं तर."

"मंग पिल्लं कुनाची?"

मॅडम हसतील असं मला वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "इथं शिकून ती पुढं काय करेल, असंच विचारताय ना? मला माहीत नाही, काका. कॉमर्सची मुलं आमच्याकडं पहिल्यांदाच येतायत. मीही बघतेय."

मालाचं पुढं काय होणार ते आपल्याला माहीत नाही असं सांगणारा विकणारा मला आजवर भेटला नव्हता. अशा माणसाशी कसं बोलायचं ते मी शिकलेलो नाही. त्या म्हणाल्या, "तिला स्वतः फोन करू द्या. आणि घरून परवानगी लागेल. तुम्हाला चालेल ना?"

"बघू," मी म्हणालो आणि उतरायला लागलो. बोकड बघायचे राहूनच गेले. भाटघरच्या पाण्याजवळ आलो तेव्हा लक्षात आलं की मागं पिकअप रिकामी खडखडतेय, आणि पोरीला जी गोष्ट मिळवून द्यायला गेलो होतो ती मला स्वतःला नको होती की हवी होती, ते मला अजून सांगता येत नव्हतं.

घरी आल्यावर मी तिला एवढंच म्हणालो, "फोन कर त्या बाईला. आन शेळी घ्यायला गेल्यासारखी बोलू नको."

तिनं मोबाईलचा आवाज मोठा करून नंबर लावला. पलीकडून मॅडम म्हणाल्या, "बोल."

"मॅडम, ते जाण्या-येण्याचं जरा..." ती सुरू झाली आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. मी दात आवळून उभा होतो. तिनं डोळे मिटले आणि म्हणाली, "मला यायचंय." असा आवाज लागला की जणू गहाण पडली.

"छान. आणि घरी चालतंय का?"

तिनं मोबाईल माझ्यापुढं धरला. मी म्हणालो, "वेल्ह्याची एसटी..."

"अवो, सरळ बोला की," बायको म्हणाली.

मुलगी माझ्याकडं बघत होती. त्या बघण्यात राग नव्हता, विनवणीही नव्हती. मी काय बोलतो त्याचा अर्थ कसा लावायचा हेच तिला कळत नव्हतं, आणि ते माझ्यामुळं झालं होतं की त्या खिडकीतल्या माणसामुळं, हे मला कळत नव्हतं.

"पाठवतो," मी म्हणालो. आणि रागानंच म्हणालो. दुसऱ्या आवाजात ते निघालं नसतं.

आता ती जाते. कधी एसटीनं, कधी मी सोडतो. शाळेच्या खोलीत मुक्काम करतात, पिठलं-भात खातात. येते ती बूट लाल करून. सांगते की काळ्या कातळाखाली लाल मऊ थर असतो, पाणी कातळाच्या फटींतून उतरत येतं, त्या थरावर अडतं आणि आडवं होऊन बाहेर पडतं. मी ऐकतो. त्या थरावरून मी आयुष्यभर जनावरं हाकलली आहेत, पण मला वाटायचं ती नुसती गेरूची माती. पाण्याचे आकडे ती कॉम्प्युटरमध्ये भरते, महिन्यावार बेरजा घेते, कुठल्या वाडीला किती कमी पडेल ते काढते. मी विचारलं, मग हे कॉमर्सच झालं की. ती म्हणाली, "न्हाई पप्पा." मग हे भूशास्त्र का? "नुसतं भूशास्त्र बी न्हाई." मग काय आहे? "अजून म्हाईत न्हाई," म्हणाली, आणि तिला त्याची काही चिंता दिसली नाही. अकाउंट्सचे मार्क मात्र या वेळी थोडे खाली आले, त्यावरून आमचं भांडण झालं, ते अजून पुरतं मिटलेलं नाही.

परवा बाजारात शेजारच्या व्यापाऱ्यानं विचारलं, "पोरगी काय करती तुमची?"

"कॉमर्सला हाय," मी म्हणालो.

"मागं वेल्ह्याला दिसली. डोंगरात बादली घिऊन बसली होती."

"झरे मोजत्यात ती पोरं."

"कॉमर्सला झरे मोजत्यात?"

"मोजत्यात."

"कशापायी?"

मी त्याला म्हणालो, तुला काय करायचंय, तू तुझ्या बोकडाचं बोल. तो बोकडाचं बोलला. दात बघायला मी बोकडाचं तोंड उघडलं, पण डोक्यात त्या व्यापाऱ्याचं 'कशापायी'च घुमत होतं. त्यानं दोनदा हाक मारली, तरी तो काय विचारत होता ते माझ्या कानात शिरत नव्हतं.